‘मॉलिफाय’ म्हणजे काय आणि तो आला कुठून? इंग्रजी शब्दाचं मूळ शोधू पाहणाऱ्या नवख्यांसाठी, पायरी-पायरीने

भाषांतराचं काम सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी एका जुन्या इंग्रजी मजकुरात जखमांबद्दलचं एक वाक्य आलं. या जखमा कुणी मिटवल्या नाहीत, बांधल्या नाहीत, मलम लावून ‘मॉलिफाय’ केल्या नाहीत, असा त्याचा आशय होता. मी जवळचा छोटा कोश उघडला. त्यात ‘राग शांत करणे, समजूत काढणे’ एवढेच अर्थ. जखमेची समजूत कशी काढणार? शेवटी ‘मलमाने शांत केल्या नाहीत’ असं लिहून मी पुढे गेले. मसुदा तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘मऊ’.

बाईंचं बरोबर होतं. किती बरोबर होतं ते मला पुढच्या काही आठवड्यांत कळलं. तेव्हा मी हाताला लागेल तो कोश, दिसेल ते संकेतस्थळ उलटसुलट चाळलं, चुकीच्या वाटांनी गेले, परत आले. ती पायपीट तुम्हाला पडू नये म्हणून कामाचा क्रम इथे लिहून काढते आहे. उदाहरण ‘मॉलिफाय’चंच घेते, पण हीच रीत कुठल्याही इंग्रजी शब्दाला लागू पडते.

हाताशी काय हवं

- आजचा वापर सांगणारा एक शिकाऊ इंग्रजी कोश. वाक्यं भरपूर असलेला घ्या.
- ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. ऑनलाइन आवृत्तीला पैसे पडतात, पण विद्यापीठाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयात तो बघायला मिळू शकतो. नाहीच मिळाला तर एटिमऑनलाइन हा मोफत व्युत्पत्तिकोश सुरुवातीला पुरतो.
- मोनियर विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश. इंटरनेटवर मोफत आहे.
- मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि भारतीय-आर्य भाषांसाठी टर्नरचा तौलनिक कोश. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात दोन्ही विनाशुल्क मिळतात.
- कोरी कार्डं किंवा एक वही. मोबाइलमध्ये टिपलेलं नंतर सापडत नाही, निदान मला तरी.

लॅटिन यायलाच हवं असं नाही. मलाही येत नव्हतं.

१. आधी वाक्य टिपा, मग शब्द

शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवून घ्या आणि मजकूर कोणत्या काळातला आहे ते शेजारी लिहा. माझी चूक इथेच झाली. मजकूर चारशे वर्षांपूर्वीचा होता आणि मी त्याला आजचा अर्थ लावत होते. ही एक सवय लागली तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

२. आजचा अर्थ पाहा, पण क्रियापदाचं कर्म कोण आहे ते तपासा

आज ‘मॉलिफाय’ बहुतेक वेळा माणसाला लागतो. चिडलेला ग्राहक, नाराज टीकाकार, रुसलेली सासू, संतापलेला जमाव. अर्थ असा की काहीतरी बोलून, देऊन किंवा करून त्यांचा राग उतरवणं. कोशातली वाक्यं ओळीने वाचलीत तर आणखी दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे तो वारंवार कर्मणी रूपात येतो, ‘मॉलिफाइड’ म्हणून, आणि सोबत ‘थोडासा’, ‘जरासा’ असं काहीतरी असतं. दुसरं म्हणजे तो नकारातही पुष्कळ येतो: माफी मागूनही तो काही निवळला नाही. म्हणजे या शब्दात पूर्ण समेट नाही. राग कमी होतो, भांडणाचं कारण तसंच राहू शकतं. हा बारकावा ‘शांत करणे’ एवढ्या अर्थात हरवून जातो.

इथला सापळा नीट समजून घ्या. शिकाऊ कोश आजचा सर्वांत रूढ अर्थ पहिला देतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश इतिहासाच्या क्रमाने जातो, म्हणजे सर्वांत जुना अर्थ पहिला. १८८४ पासून हप्त्याहप्त्याने छापत १९२८ साली तो पुरा झाला, तेव्हापासून त्याची रीत हीच आहे. म्हणून मोठ्या कोशातला ‘पहिला अर्थ’ उचलून आजच्या बातमीला लावू नका, आणि छोट्या कोशातला पहिला अर्थ जुन्या मजकुराला लावू नका.

३. शब्दाचे तुकडे पाडा

‘मॉलिफाय’चे दोन तुकडे सरळ पडतात. ‘मॉलि’ आणि ‘फाय’. शेपटाकडून सुरुवात करणं सोपं जातं, कारण शेपटं थोडी असतात आणि पुन्हा पुन्हा भेटतात. सिम्प्लिफाय, मॅग्निफाय, प्युरिफाय, पॅसिफाय: सगळ्यांत ‘तसं करणे’ हा भाग सारखा आहे. हे ‘फाय’ लॅटिनमधल्या ‘फाकेरे’ म्हणजे ‘करणे’ या धातूपासून फ्रेंचमार्गे आलं. राहिला ‘मॉलि’. लॅटिनमध्ये ‘मोल्लिस’ म्हणजे मऊ. जोडा: मऊ करणे. बाईंनी समासात लिहिलं होतं तेच.

नाम करताना ‘मॉलिफिकेशन’ होतं, ‘प्युरिफिकेशन’सारखं. सगळीच ‘फाय’ मंडळी असं करत नाहीत, ‘सॅटिस्फाय’चं ‘सॅटिस्फॅक्शन’ होतं, म्हणून नाम दरवेळी कोशात बघून घ्या.

४. तारखांच्या मागे मागे जा

व्युत्पत्तीची नोंद उलट्या प्रवासासारखी वाचायची. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याआधी जुनी फ्रेंच, त्याआधी उत्तरकालीन लॅटिन ‘मोल्लिफिकारे’. इंग्रजीत आला तेव्हा अर्थ शारीरिक होता: एखादा पदार्थ, कातडी, सूज मऊ करणे. मन मऊ करण्याचा अर्थ थोड्याच काळात, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. पुढची दोनेकशे वर्षं तरी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले. माझ्यासमोर आलेलं वाक्य १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमधलं होतं, त्यातल्या ‘यशया’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं सहावं वचन. तिथे जखम खरोखरच मऊ करायची आहे. जखम मलमाने मऊ करायची, असा तो उपचार.

दोन इशारे. पहिला: कोशातली सर्वांत जुनी तारीख ही शब्दाची जन्मतारीख नसते. ती आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या लिखाणाची तारीख असते, लोक त्याआधीही बोलत असतील. दुसरा: काही रूपांच्या आधी तारकाचिन्ह असतं. त्याचा अर्थ ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेने उभं केलेलं आहे. ही तारका तुमच्या टिपणातही उतरवा. मी ती सुरुवातीला गाळत होते आणि अनुमानाला पुरावा समजत होते.

५. लॅटिनच्या पलीकडे: इथे घाई करू नका

बहुतेक जण लॅटिनपाशी थांबतात. मराठी माणसाने मात्र आणखी एक पायरी चढावी, कारण तिथे कधी कधी घरचं माणूस भेटतं.

मोनियर विल्यम्समध्ये ‘मृदु’ काढा. मऊ, कोमल, सौम्य. ‘मृदु’ आणि ‘मोल्लिस’ ही एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं आहेत. ऐकायला पटत नाही ना? मलाही पटलं नव्हतं. ‘ऋ’ आणि ‘ओल्’ यांचं काय नातं? पण नातं आवाजाच्या सारखेपणावर ठरत नाही, नियमित बदलावर ठरतं. मूळ शब्दात म् नंतर स्वरासारखा उच्चारला जाणारा ‘ल्’ होता. संस्कृतकडे येताना त्याचा ‘ऋ’ झाला, लॅटिनकडे जाताना ‘ओल्’. पुढचा ‘द्’ लॅटिनमध्ये शेजारच्या ‘ल’मध्ये मिसळून गेला आणि ‘ल्ल’ उरला.

एका जोडीवर विश्वास ठेवू नका, आणखी जोड्या मागा. संस्कृतमधली ‘उ’काराने संपणारी विशेषणं घ्या आणि लॅटिन रूपं शेजारी मांडा. लघु आणि लेविस, दोन्ही हलके. गुरु आणि ग्राविस, दोन्ही जड. तनु आणि तेनुइस, दोन्ही बारीक. स्वादु आणि सुआविस, दोन्ही गोड. आणि मृदु, मोल्लिस. ‘उ’काराच्या जागी लॅटिनमध्ये दरवेळी ‘इस’ येतं आहे. पाच जोड्या एकाच साच्यात बसल्या की योगायोग म्हणायला जागा उरत नाही. हे पहिल्यांदा कागदावर एकाखाली एक लिहिलं तेव्हा मी बराच वेळ ते पान बघत बसले होते. ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्व, हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शाळेत वाचलं होतं. ‘ग्रॅव्ह’ आणि ‘गुरु’ हे शब्दच भाऊ आहेत हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आता शेपूट. ‘फाकेरे’चं नातं संस्कृत ‘धा’ धातूशी आहे: ठेवणे, स्थापणे. शब्दाच्या सुरुवातीला संस्कृत ‘ध’ आणि लॅटिन ‘फ’ समोरासमोर येतात. पडताळा हवा असेल तर ‘धूम’ आणि लॅटिन ‘फूमुस’ पाहा, दोन्ही धूर. ‘धा’पासून आपल्याकडे विधान, निधी, संधी झाले, आणि ‘समाधान’ही. रागावलेल्या माणसाचं समाधान करायचं म्हणतो त्यातला ‘धा’ आणि ‘मॉलिफाय’च्या शेवटचं ‘फाय’ एकाच मुळाचे आहेत.

आणि समासातला तो शब्द? टर्नरच्या कोशात ‘मृदु’खाली पाहा. संस्कृत मृदु, प्राकृत मउ, मराठी मऊ. ‘ऋ’चा ‘अ’ झाला, जसा तृणाचं तण होताना, मृत्तिकेची माती होताना. मधला ‘द’ गळला, जसा ‘पाद’चा ‘पाय’ होताना. म्हणजे ‘मॉलिफाय’चं भाषांतर ‘मऊ करणे’ असं करताना बाईंनी इंग्रजी शब्दासमोर त्याचाच दूरचा भाऊ ठेवला होता.

मोठा सापळा इथेच आहे आणि त्यात पुष्कळ लोक पडतात. हे सगळं वाचून ‘म्हणजे इंग्रजी संस्कृतातून आली’ असं म्हणू नका. मृदु ही मोल्लिसची आई नाही. दोघांची आई वेगळी होती आणि ती आज उरलेली नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनबद्दल हेच मांडलं: या भाषा एका समान उगमातून निघाल्या, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. हे नातं बहिणींचं आहे.

६. नातेवाईक गोळा करा, तोतये बाजूला काढा

मूळ सापडलं की त्या कुळातले बाकीचे शब्द जमवा. अर्थ पक्का व्हायला याच्यासारखं दुसरं साधन नाही.

त्वचेच्या क्रीमच्या डब्यावर ‘इमोलियंट’ लिहिलेलं असतं, म्हणजे त्वचा मऊ करणारा घटक. शिंपले, गोगलगायी, तिसऱ्या, कालवं यांच्या संघाला ‘मोलस्का’ म्हणतात, कारण आतलं अंग मऊ. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हे नाव प्राण्यांच्या वर्गीकरणात आणलं. आपल्या शालेय पुस्तकात याच संघाचं नाव ‘मृदुकाय’ आहे. फ्रेंचमध्ये ‘मुये’ म्हणजे भिजवणे, आणि त्याचा उगम ‘मऊ करणे’ असा आहे. वाळकी भाकरी दुधात कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवा, भिजणं आणि मऊ होणं हे एकच काम का झालं ते बोटांना कळेल.

संगीतातला नातेवाईक मला सगळ्यांत आवडतो. मध्ययुगीन युरोपात ‘बी’ हा स्वर दोन तऱ्हांनी लिहीत, गोल बी आणि चौकोनी बी. उतरलेल्या स्वरासाठी गोल बी, त्याला ‘बी मोल्ले’ म्हणत, मऊ बी. स्वर उतरवण्याचं आजचं पाश्चात्त्य चिन्ह त्या गोल बीपासूनच आलं, फ्रेंच लोक त्याला अजून ‘बेमोल’ म्हणतात, आणि जर्मनमध्ये मायनर स्वरावलीला ‘मोल’ म्हणतात. आपण उतरलेल्या रे, ग, ध, नी यांना काय म्हणतो? कोमल. दोन वेगळ्या परंपरांनी स्वर खाली सरकताना तो मऊ झाला असंच ऐकलं.

मराठी बाजूला मार्दव, मऊसूत आणि मवाळ. ‘मवाळ’ जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात बोलणं ‘साच आणि मवाळ’ असावं असं येतं, आणि ज्ञानेश्वरीचा काळ १२९०. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हाचे ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ शाळेतून सर्वांना ठाऊक आहेत. तिथे ‘मॉडरेट’साठी आपण ‘मवाळ’ घेतला, आणि आजही भूमिका ‘मवाळ झाली’ असं सर्रास लिहितो.

आता तोतये. ‘मॉलिक्यूल’ आणि ‘डिमॉलिश’ यांचा मऊपणाशी संबंध नाही, ते लॅटिन ‘मोलेस’ म्हणजे ढीग, वस्तुमान यावरून आले. ‘मॅलिएबल’ धातू हातोडीने ठोकून पसरवता येतो, आणि तो शब्द हातोडीवरूनच आला. ‘मॉली’ हे मुलीचं नाव ‘मेरी’चं लाडकं रूप आहे. मराठीत फसवणारे दोन: ‘मुलायम’ अरबीतून फारसीमार्गे आला, ‘नरम’ फारसी आहे. अर्थ तोच, आवाजही जवळचा वाटतो, पण ‘मुलायम’ या कुळातला नाही. मी तो आनंदाने यादीत घातला होता आणि नंतर खोडला.

७. शेजारचे शब्द वेगळे करा

‘शांत करणे’ या एका मराठी अर्थाखाली इंग्रजीतले पाच-सहा शब्द कोंबले जातात. मूळ पाहिलं की ते आपोआप वेगळे होतात.

‘असवेज’मध्ये तो सुआविस, म्हणजे स्वादु, लपलेला आहे: गोड करणे. तो भूक, दुःख, अपराधीपणा, भीती यांना लागतो. ‘अॅलिव्हिएट’मध्ये लेविस, म्हणजे लघु: हलकं करणे. तो वेदना, गरिबी, ओझं यांना. ‘मिटिगेट’मध्ये ‘मितिस’ म्हणजे सौम्य. तो परिणाम, धोका, नुकसान यांची तीव्रता कमी करतो, माणसाला लागत नाही. ‘मॉलिफाय’ माणसाला आणि त्याच्या रागाला.

‘अपीज’ जपून वापरा. त्याचं मूळ शांतता या अर्थाच्या शब्दात आहे, पण १९३८ साली म्युनिकमध्ये ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनने हिटलरपुढे घेतलेल्या नमत्या भूमिकेनंतर त्याला दादागिरीपुढे झुकण्याचा रंग चढला. मुत्सद्देगिरीच्या बातमीत तो ‘मॉलिफाय’च्या जागी टाकलात तर तुम्ही नकळत आरोप करता.

आणि ‘मिटिगेट अगेन्स्ट’ असं कुठे दिसलं तर ती चूक आहे. तिथे ‘मिलिटेट’ हवा, सैनिकावरून आलेला, विरोधात उभा राहणे या अर्थाचा.

८. मराठीत उतरवताना एकच प्रतिशब्द धरून बसू नका

कर्म पाहा, काळ पाहा, मग शब्द निवडा. काही नमुने:

दिलगिरीच्या पत्राने ग्राहकांचा राग काही निवळला नाही.

नातवाने पाय चेपून दिले तशी आजी जराशी विरघळली.

जुन्या वैद्यकीय मजकुरात: गळवावर पोटीस बांधून ते मऊ केलं.

‘मनधरणी करणे’ मोहक वाटतो, पण त्यात फक्त प्रयत्न आहे, यश नाही. मनधरणी करूनही माणूस ढिम्म राहू शकतो. ‘मॉलिफाइड’मध्ये परिणाम झालेला असतो, थोडा का होईना. ‘समजूत काढणे’ चालतो, मात्र समजूत शब्दांनी काढतात. भेटवस्तू देऊन किंवा पगार वाढवून राग उतरवला असेल तर ‘निवळणे’, ‘नरमणे’ बरे. एखाद्याला खूश ठेवायला खोटं गोंजारलं जात असेल तर ‘चुचकारणे’, पण मूळ लेखकाला तो सूर अभिप्रेत आहे याची खात्री करून.

९. कार्ड लिहा

एका शब्दाला एक कार्ड. माझ्या कार्डावर वरून खाली असं आहे: शब्द आणि उच्चार, तो भेटला ते वाक्य आणि त्याचा काळ, आजचा अर्थ, जुना अर्थ, तुकडे, लॅटिन रूप, संस्कृत-मराठी नातेवाईक असल्यास ते, आणि तळाशी लाल शाईत तोतये. जे कोशात प्रत्यक्ष पाहिलं त्यापुढे कोशाचं नाव, जे कुणाकडून ऐकलं त्यापुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह पुसायची घाई करू नका, माझ्याकडची काही अजून तशीच आहेत.

कार्डाची मागची बाजू कोरी ठेवा. शब्द वाचनात पुन्हा भेटेल तेव्हा त्याचं कर्म तिथे टिपायचं, बाकी काही नको. माझ्या ‘मॉलिफाय’च्या कार्डामागे पहिली नोंद ‘जखमा’ अशी आहे. त्याखाली मतदार, भाडेकरू, एक संपादक, दोन वेळा सासरे, आणि एक भुंकणारा कुत्रा.